शिक्षा आणि साक्ष

लहान मुलांवरील लैंगिक अत्याचाराची वार्ता आली की सभासभांतून एकच मागणी उठते : शिक्षा वाढवा. संताप रास्त आहे. परंतु शेजारच्या गोव्याचा इतिहास आम्हांस निराळा धडा शिकवितो.

१९९१ साली मडगावात फ्रेडी पीट्स नावाचा इसम पकडला गेला. अनाथ मुलांचा कैवारी म्हणून तो मिरवीत असे. झडतीत मुलांची अश्लील छायाचित्रे सापडली. परदेशी पाहुण्यांनाही तो ही मुले पुरवीत होता. १९९६ साली त्यास जन्मठेप झाली. म्हणजे शिक्षा जबर होतीच. उणीव दुसरीकडे होती. १८६० च्या दंडसंहितेतील बलात्काराच्या व्याख्येत मुलगे बसतच नव्हते. त्यांच्यासाठी उरले कलम ३७७. त्यात मूल आणि प्रौढ, बळजोरी आणि संमती, असा भेदच नव्हता. मुलांवरील या अन्यायास कायद्यात स्वतःचे नाव नव्हते.

२००३ च्या गोवा बाल कायद्याने ते दिले. मुलगा असो वा मुलगी, दोघांसही सारखेच संरक्षण मिळाले. स्वतंत्र बाल न्यायालयाची तरतूद झाली. याहून महत्त्वाचे म्हणजे भोवतालच्या माणसांवर जबाबदारी आली. मुलांची अश्लील छायाचित्रे धुण्यास आली, तर फोटो धुणाऱ्याने पोलिसांस कळवावयाचे. नातलगांसह नोंद नसता मुलास हॉटेलच्या खोलीत प्रवेश द्यावयाचा नाही.

हाच विचार २०१२ च्या केंद्रीय पोक्सो कायद्यात देशभर आला. गुन्हा ठाऊक असून न कळविणे, हाही गुन्हा ठरला. २०१९ साली त्यात अतिगंभीर गुन्ह्यांसाठी फाशीही आली.

कामगार चळवळीत आयुष्य गेल्यामुळे आम्हांस एक गोष्ट पक्की ठाऊक आहे. दंडाचा आकडा कितीही मोठा असो, तपासनिसास खरी हकीकत सांगणारा कामगार नसेल, तर कलम कागदावरच राहते. येथे तर अपराधी पुष्कळदा घरचा वा ओळखीचाच असतो. फाशीच्या भयाने घरचीच माणसे मुलाचे तोंड बंद करतील, ही भीती अनाठायी नाही.

म्हणून शिक्षेबरोबर साक्षीचीही काळजी वाहिली पाहिजे. आपल्या गावची शाळा, वसतिगृह, लॉज, दवाखाना येथील माणसांस हे कळविण्याचे कर्तव्य ठाऊक आहे काय, हे विचारण्याचे काम सरकारचे तसेच आपलेही आहे.