स्वदेशीं तण, परदेशीं भूषण

आस्टर हें नांव महाराष्ट्रांतील वाचकांस अपरिचित नाहीं. दसरा-दिवाळीच्या सुमारास फुलबाजारांत शेवंतीच्या शेजारीं जांभळ्या, गुलाबी व पांढऱ्या आस्टरच्या पाट्या मांडलेल्या दिसतात, आणि राहुरीच्या महात्मा फुले कृषि विद्यापीठानें निपजविलेल्या ‘फुले गणेश’ या नांवाच्या जाती मळेवाल्यांच्या चांगल्या परिचयाच्या आहेत. परंतु शास्त्रदृष्ट्या पाहूं गेल्यास हें आपलें आस्टर आस्टरच नव्हे. तें मूळचें चीन देशांतील. अठराव्या शतकांत फ्रेंच मिशनऱ्यांच्या द्वारें त्याचें बीं युरोपांत पोंचलें, लिनीअसनें त्यास आस्टरच्या गणांत बसविलें, आणि पुढच्या शतकांत शास्त्रज्ञांनीं त्यास तेथून उठवून ‘कॅलिस्टेफस’ या निराळ्या गणांत नेलें. बाजारानें मात्र जुनें नांव सोडलें नाहीं. प्रस्तुत लेखाचा विषय तें फूल नाहीं. उत्तर अमेरिकेच्या कुरणांत, ओढ्याकांठीं व रस्त्यांच्या कडेला आपोआप उगवणारें, एकदां लाविलें असतां वर्षानुवर्षें फुलणारें जें आस्टर, त्याचा हा इतिहास आहे. जें आपल्या भूमींत फुकट मिळतें त्याची किंमत मनुष्यास केव्हां व कोणत्या मार्गानें कळते, या प्रश्नाचें एक उत्तर या इतिहासांत मिळतें, म्हणून तो सांगण्याजोगा वाटतो.

आस्टर हा मूळ ग्रीक शब्द असून त्याचा अर्थ तारा असा आहे. ऋग्वेदांत ताऱ्यांसाठीं येणारा ‘स्तृ’ हा शब्द व इंग्रजींतील ‘स्टार’ हा शब्द हे दोन्ही त्याचे सगोत्र होत. फुलाकडे पाहिलें म्हणजे नांवाची योग्यता पटते. मध्यभागीं पिवळ्या नलिकाकार फुलांची दाटी आणि सभोंवार जांभळ्या किरणांचें वलय; आपण ज्यास एक फूल म्हणतों तो, सूर्यफुलांत वा झेंडूंत असतो तसाच, शेंकडों फुलांचा संसार असतो. युरोपांतील देशी आस्टरचा उल्लेख फार जुना आहे. रोमन कवि व्हर्जिल यानें आपल्या ‘जॉर्जिक्स’ या शेतीविषयक काव्याच्या चौथ्या सर्गांत, मधमाश्यांस रोग झाला असतां ‘अमेलस’ नांवाच्या रानफुलाचीं मुळें सुवासिक मद्यांत शिजवून पोळ्याच्या दाराशीं ठेवावीं, असा उपचार सांगितला आहे. हें अमेलस म्हणजेच युरोपीय आस्टर, असें विद्वान् मानतात. मधमाशीचें जीवित व हें फूल यांचा संबंध दोन हजार वर्षांपूर्वीं एका कवीच्या ध्यानीं आला होता, ही गोष्ट वाचकांनीं स्मरणांत ठेवावी.

अमेरिकन आस्टर युरोपांत गेलें तें वसाहतींच्या मागोमाग. इंग्लंडच्या राजाच्या बागा सांभाळणारे ट्रॅडेस्कंट पितापुत्र यांचा लंडनजवळ लॅम्बेथ येथें परदेशी वनस्पतींचा मोठा संग्रह होता, व पुत्र १६३७ मध्यें स्वतः व्हर्जिनियास जाऊन आला होता. एका अमेरिकन आस्टरच्या शास्त्रीय नांवांत या घराण्याचें नांव गोंविलेलें आहे. पुढें अठराव्या शतकांत फिलाडेल्फियाजवळचा शेतकरी जॉन बार्ट्राम हा अरण्यांतून हिंडून बीं गोळा करी, व लंडनमधील कापडाचा व्यापारी पीटर कॉलिन्सन याच्या मध्यस्थीनें दर पेटीस पांच गिनी या भावानें तें इंग्लंडांतील जमीनदारांस पुरवी. ज्या रानाला वसाहतवाले आग लावून मोकळें करीत होते, त्याच रानाचें बीं समुद्रापलीकडे मोहरा मोजून विकत घेतलें जात होतें!

१७५३ मध्यें लिनीअसनें आपल्या ‘स्पीशीज प्लांटारम्’ या ग्रंथांत या आस्टरांचें नामकरण केलें. एकास त्यानें ‘न्यू इंग्लंडचें’ असें म्हटलें, तर दुसऱ्यास ‘नव्या बेल्जियमचें’. हें नवें बेल्जियम म्हणजे आजच्या न्यूयॉर्कभोंवतालची डच लोकांची वसाहत. ती १६६४ मध्येंच इंग्रजांनीं घेतली होती. डचांचें राज्य गेलें, शहराचें नांव बदललें, परंतु एका रानफुलाच्या नांवांत तें राज्य अद्यापि नांदत आहे. या नांवांत ज्यांची आठवण ठेविली नाहीं असे लोकही तेथें होते. न्यू इंग्लंडच्या आस्टरचा धूर देऊन मूर्च्छित मनुष्यास शुद्धीवर आणण्याची रीत मेस्क्वाकी नांवाच्या मूळ रहिवाशांत होती. साहेबानें नांव ठेवण्यापूर्वीं त्या फुलास तेथें नांवही होतें व उपयोगही होता.

नांवाची कथा येथें संपत नाहीं. आस्टरच्या जाती एकमेकींत इतक्या मिसळतात कीं, हार्वर्डचे विख्यात वनस्पतिशास्त्रज्ञ एसा ग्रे (१८१०–१८८८) यांसारख्या धुरंधरानेंही त्यांचें वर्गीकरण करतांना हात टेंकले व आपल्या पत्रांतून त्यांबद्दल त्रागा केला. अखेर १९९४ मध्यें गाय नेसम यांनीं अमेरिकेंतील बहुतेक सर्व जाती आस्टरच्या गणांतून काढून ‘सिम्फिओट्रिकम्’ वगैरे गणांत घातल्या, आणि हें विभाजन आतां सामान्यतः मान्य झालें आहे. म्हणजे चिनी आस्टर आस्टर नव्हे, आणि अमेरिकनही नव्हे. त्या नांवाचा निर्विवाद हक्क व्हर्जिलच्या अमेलसकडेच राहिला. माळी मात्र तिघांसही आस्टरच म्हणतात, व येथें आपणही तसेंच म्हणूं.

इंग्लंडांत या फुलाचें भाग्य उजळलें. सप्टेंबरच्या २९ तारखेस येणाऱ्या सेंट मायकेलच्या सणाच्या सुमारास तें फुलतें म्हणून लोकांनीं त्यास ‘मायकेलमस डेझी’ हें घरगुती नांव दिलें. त्या काळच्या श्रीमंत बागांत कांचघरांतील नाजूक रोपें उन्हाळ्यापुरतीं रांगेनें मांडण्याची चाल होती. विल्यम रॉबिन्सन यानें १८७० मध्यें ‘द वाइल्ड गार्डन’ हें पुस्तक लिहून या चालीवर हत्यार उपसलें, व थंडीवाऱ्यास न डगमगणाऱ्या बहुवर्षायु झाडांचा पुरस्कार केला. गर्ट्रूड जेकिल या बाईंनीं सरे परगण्यांतील आपल्या बागेंत केवळ या फुलांसाठीं स्वतंत्र ताटवा राखला होता. हेरफर्डशायरमधील कोल्वॉल गांवीं अर्नेस्ट बॅलार्ड यांनीं तर १९०६ पासून नव्या नव्या जाती काढण्यास आपलें आयुष्य वाहिलें. त्यांच्या ‘ब्यूटी ऑफ कोल्वॉल’ या जातीस १९०७ मध्यें रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीचें पहिल्या वर्गाचें प्रमाणपत्र मिळालें. इतक्या लाडाचा दंडही भरावा लागला. न्यूयॉर्कच्या आस्टरपासून काढलेल्या दुहेरी पाकळ्यांच्या जाती भुरी रोगास व सूक्ष्म कोळ्यांच्या उपद्रवास सहज बळी पडूं लागल्या, आणि पाकळ्या वाढल्या तसतसा मधमाशीस मधाचा मार्ग दुष्कर झाला.

आणि या काळांत माहेरीं काय स्थिति होती? अमेरिकन शेतकऱ्याच्या लेखीं आस्टर म्हणजे पडीक कुरणांतील तण. शहरांतील गृहस्थ हिरवळ कातरी आणि युरोपांतून आलेले गुलाब व ट्यूलिप लावी. या उपेक्षेविरुद्ध पहिला संघटित प्रयत्न बोस्टन येथें १९०० मध्यें देशी वनस्पतींच्या रक्षणार्थ मंडळी स्थापन झाली तेव्हां झाला. पुढें १९३१ मध्यें विल कर्टिस यांनीं मॅसॅच्युसेट्समधील फ्रामिंगहॅम येथें रानफुलांची बाग उभारली, ती १९६५ मध्यें याच मंडळीच्या स्वाधीन झाली. तरीही सामान्य गृहस्थाचें मन वळण्यास आणखी कांहीं दशकें लागलीं. कुरणें नांगरलीं गेलीं, तणनाशक औषधांनीं रस्त्यांच्या कडा साफ झाल्या, व रानमाश्या आणि फुलपांखरें कमी होऊं लागलीं, तेव्हां तणाचा हिशेब लोकांस उलगडला.

तो हिशेब असा. इतर फुलें संपल्यावर, थंडी पडण्यापूर्वींच्या दीड-दोन महिन्यांत, आस्टर व पिवळें गोल्डनरॉड यांवरच पुष्कळशा कीटकांचा निर्वाह चालतो. बम्बल-बी या केसाळ रानमाशीची तरुण राणी याच मधावर पुष्ट होऊन एकटीच हिंवाळा काढते, आणि पुढच्या वर्षाचें सारें कुटुंब तिच्याच पोटीं येतें. ‘मोनार्क’ हें केशरी फुलपांखरूं शरद ऋतूंत मेक्सिकोच्या डोंगरांकडे हजारों मैलांचा प्रवास करतें, त्याची शिदोरीही याच फुलांत असते. डेलावेर विद्यापीठाचे कीटकशास्त्रज्ञ डग्लस टॅलमी यांनीं २००७ मध्यें प्रसिद्ध केलेल्या ‘ब्रिंगिंग नेचर होम’ या पुस्तकांत ही गोष्ट घरोघर पोंचविली. पक्षी आपल्या पिलांस सुरवंट भरवितात, सुरवंट ठराविक देशी झाडांचींच पानें खातात, आणि एकट्या आस्टरवर शंभरांहून अधिक जातींचे सुरवंट पोसले जातात, असें त्यांचें प्रतिपादन आहे. अर्थात् बागेंतील एक ठोंब काढला म्हणजे एक फूल गेलें इतकेंच होत नाहीं. त्या पंगतीचें एक पान उठतें.

म्हणून या फुलाच्या संगोपनाची रीत तेथें आतां आवडीनें शिकली जाते, व ती सोपी आहे. प्रथम जागा पाहून जात निवडावी. न्यू इंग्लंडचें आस्टर तीन ते सहा फूट वाढतें. त्यास भरपूर ऊन व ओलावा धरणारी जमीन लागते. कोरड्या, चुनखडीच्या जागेंत सुगंधी पानांचें बुटकें आस्टर लावावें, आणि झाडांच्या सावलींत हृदयाकृति पानांचें निळें किंवा पांढरें रान-आस्टर. बीं शरदांतच उघड्या वाफ्यावर पेरून वर मातीचा केवळ पातळ थर द्यावा. चार ते आठ आठवडे ओल्या थंडींतून गेल्यावांचून तें नीट उगवत नाहीं. खत बेतानें घालावें, कारण माजलेलीं खोडें फुलण्याच्या वेळींच आडवीं होतात. जुलैच्या आरंभापर्यंत एक-दोनदां शेंडे खुडले असतां रोप आटोपशीर राहतें व फांद्या अधिक फुटतात. त्यानंतर खुडल्यास कळ्याच हातीं येतात. पाणी पानांवर न मारितां मुळाशीं द्यावें, व रोपांत दोन-तीन फुटांचें अंतर ठेवून वारा खेळूं द्यावा, म्हणजे भुरी व तांबेरा दूर राहतात. खालचीं पानें लौकर वाळतात, यास्तव पुढें बुटकीं झाडें लावून तो भाग झांकावा. दर दोन-तीन वर्षांनीं वसंताच्या आरंभीं ठोंब खणून काढावा, मधला जून भाग टाकून द्यावा, व कडेचे कोवळे फुटवे पुनः लावावे. हिंवाळ्यांत वाळलेलीं खोडें कापूं नयेत. बीं पक्ष्यांस मिळतें व पोकळ काड्यांतून आणि खालच्या पाचोळ्यांतून कीटक आसरा घेतात. रोपें रानांतून उपटून आणूं नयेत, हा तर पहिला नियम.

परंतु ‘देशी’ हा गुण फुलाचा नसून फूल व भूमि यांच्या संबंधाचा आहे, हें विसरून चालणार नाहीं. इंग्लंडच्या बागांचें भूषण झालेलें न्यूयॉर्कचें आस्टर मध्य युरोपांत नद्यांच्या कांठीं मोकाट पसरून तेथील देशी वनस्पतींस हुसकून लावीत आहे. याची साक्ष देण्यास आपणांस युरोपांत जावें लागत नाहीं. १९५० नंतरच्या दशकांत पुण्याच्या आसपास प्रथम नजरेस आलेलें गाजर-गवत हें याच सूर्यफुलाच्या कुलांतलें व अमेरिकेहूनच आलेलें. तेथें त्यास खाणारे कीटक त्याच्या मर्यादा संभाळतात. येथें तसें कोणी नसल्यामुळें त्यानें शेतें व माळ व्यापले, आणि अखेर १९८४ मध्यें मेक्सिकोहून एक भुंगेरा मुद्दाम आणावा लागला. झाड आणणें सोपें असतें. त्याचा शेजार आणतां येत नाहीं.

यास्तव हा लेख वाचून कोणी अमेरिकन आस्टरचें बीं मागवील तर त्याचा हेतूच विफल होईल. सह्याद्रीच्या माथ्यावर भाद्रपद-आश्विनांत सोनकी फुलते, तीही आस्टरचीच दूरची बहीण आहे. २०१२ मध्यें कासचें पठार जागतिक वारशांत गणलें गेल्यापासून तिला पाहण्यास शहरांतून झुंडी लोटतात, पण ती गुरें चारणाऱ्या पोरांनीं त्यापूर्वींही दरवर्षीं पाहिलीच होती. परक्यांचें प्रशस्तिपत्रक हातीं पडल्यावांचून घरच्या वस्तूचें मोल कळूं नये, हा केवळ अमेरिकेचाच दोष नाहीं. त्या देशानें तो उशीरा कां होईना सुधारण्यास आरंभ केला आहे; आपणांस उशीर करण्याची सवड आहे कीं नाहीं, याचा विचार ज्याच्या अंगणांत हातभर मोकळी माती उरली आहे त्या प्रत्येकानें करावा.