वऱ्हाडची इमादशाही

आमच्या तिवसा तालुक्यांत वर्धेच्या कांठीं असलेलें कौंडिण्यपूर विदर्भाची प्राचीन राजधानी म्हणून सर्वांस ठाऊक आहे. परंतु अवघ्या पांच शतकांपूर्वीं ह्याच वऱ्हाडांत एक स्वतंत्र राज्य होतें, एलिचपूर म्हणजे हल्लींचें अचलपूर ही त्याची राजधानी होती, व तें ८४ वर्षें टिकलें, ह्याची आठवण फार थोड्यांस आहे. म्हणून त्याची हकीकत येथें देत आहों.

ह्या राज्याचा संस्थापक फत्तेउल्ला इमादउल्मुल्क हा जन्मानें विजयनगरकडील ब्राह्मण. लहानपणीं लढाईंत पाडाव होऊन तो वऱ्हाडांत आला, मुसलमानी धर्मांत वाढला, आणि पराक्रमानें बहामनी सुलतानाचा सुभेदार झाला. सुभेदार शिरजोर होऊं नयेत म्हणून वजीर महमूद गवान ह्यानें वऱ्हाडचे गाविल व माहूर असे दोन भाग केले होते; पण १४८१ त सुलतानानें त्याच वजिराचा शिरच्छेद करविला, आणि बेदरच्या तख्ताचा धाक उडाला. फत्तेउल्ला सावध होता. नरनाळ्याच्या महाकाली दरवाजावर त्याच्या अमलांतील १४८७ चा लेख आहे. गाविलगडही त्यानें मजबूत केला, आणि १४९० त तो स्वतंत्र झाला. गाविलगडाच्या दिल्ली दरवाजावर दोन तोंडांचा गंडभेरुंड कोरलेला आहे. हें जन्मभूमीचें स्मरण असावें असें आम्हांस वाटतें.

बेदरपासून सुटणें सोपें गेलें. अहमदनगरपासून वांचणें अवघड ठरलें. तंट्याचें मूळ गोदावरीच्या खोऱ्यांतील पाथरी हा परगणा. निजामशाही घराण्याचे पूर्वज पाथरीचे ब्राह्मण कुळकर्णी. त्यामुळें बुऱ्हाण निजामशहास तें गांव हवेंच होतें. मोबदल्यांत अधिक उत्पन्नाचा मुलूख देण्यास तो तयार होता, तरी फत्तेउल्लाचा पुत्र अल्लाउद्दीन इमादशहा ऐकेना. १५१८ त बुऱ्हाणनें पाथरी बळानें घेतली. अल्लाउद्दीननें १५२७ त ती परत जिंकली, पण लागलीच पुन्हा गमावली, आणि तिच्यासंगें माहूरही गेलें. (दोन्ही घराणीं मूळचीं ब्राह्मण, हा योग चमत्कारिक खरा!)

हताश होऊन अल्लाउद्दीननें गुजराथच्या बहादुरशहास हांक मारली. तो १५२८ त मोठें सैन्य घेऊन आला. मात्र मदतीचें मोल म्हणून वऱ्हाडांत खुतबा बहादुरशहाच्या नांवानें वाचावा लागला. त्याची पाठ फिरतांच निजामशहानें पाथरी व माहूर परत देण्याचें वचन मोडलें. आमच्या मतें इमादशाहीचें स्वातंत्र्य खरें येथेंच खचलें. एका परगण्यापायीं राजानें आपला मान परक्याच्या हातीं दिला.

पुढें दर्या इमादशहानें अहमदनगरास मुलगी देऊन कांहीं काळ निभावून नेलें. त्याच्यामागें १५६२ त गादीवर आलेला बुऱ्हाण अल्पवयी होता. कारभारी तुफालखान ह्यानें त्यास नरनाळ्यावर कैदेंत टाकिलें व राज्य स्वतः बळकाविलें. शेजाऱ्यास ह्याहून चांगलें निमित्त कोणतें हवें? बालराजास सोडवितों असें सांगत मुर्तजा निजामशहा चालून आला, आणि १५७४ त नरनाळा व गाविलगड पडल्यावर त्यानें तुफालखानासह त्या राजासही बंदिवासांत घातलें. दोघेही तेथेंच मेले.

वऱ्हाड निजामशाहीकडे २२ वर्षेंच राहिलें. १५९६ त मोगलांचा अहमदनगरास वेढा पडला, तेव्हां शहर वांचविण्यासाठीं चांदबिबीनें अकबराचा पुत्र मुराद ह्यास वऱ्हाड तोडून दिलें. मुरादनें बाळापूरजवळ शहापूर वसविलें आणि तेथून तो ह्या प्रांताचा कारभार पाहूं लागला.