मॉरिशसच्या सोळा पायऱ्या

इंग्लंडातून मॉरिशसला जाणारी मंडळी साधारण दोन प्रकारची. नवी लग्नं झालेली जोडपी आणि निवृत्त गोरे. दोघंही विमानतळावरून थेट समुद्रकाठच्या हॉटेलात शिरतात आणि आठ-दहा दिवसांनी लालबुंद होऊन परत येतात. आम्ही दोघं या कुठल्याच प्रकारात बसत नव्हतो. सौ.ला वाळूत नुसतं पडून राहायचा कंटाळा आणि मला टूर कंपनीच्या झेंड्यामागे चालायचा. मग एका घरगुती ठिकाणी खोली घेतली आणि सरकारी-खाजगी बसने बेट पालथं घालायचं ठरवलं. बेट तसं छोटंच, रत्नागिरी जिल्ह्याच्या चौथाईपेक्षाही लहान! सकाळी निघून कुठेही जावं आणि रात्री जेवायला परत यावं.

बसने फिरलं की पहिली गोष्ट लक्षात येते ती म्हणजे ऊस. डावीकडे ऊस, उजवीकडे ऊस, मधून डोकावणारे टोकदार डोंगर. एखाद्याला सांगली-कोल्हापूरकडे आल्यासारखं वाटावं, फक्त पाट्या फ्रेंचमध्ये आणि वाहनं आपल्यासारखी रस्त्याच्या डाव्या बाजूने. हे कोडं इतिहासातच सुटतं. डच इथे १५९८ मध्ये आले, ऊस आणला, डोडो पक्षी संपवला आणि १७१० मध्ये कंटाळून निघून गेले. मग फ्रेंच आले. १८१० च्या डिसेंबरात इंग्रजांनी बेट जिंकलं, पण शरणागतीच्या अटींत रहिवाशांचे कायदे, रीतिरिवाज आणि धर्म जसेच्या तसे ठेवायचं कबूल केलं. म्हणून दीडशेहून जास्त वर्षं युनियन जॅकखाली राहूनही माणसं आपसात बोलतात ती फ्रेंचमधून निघालेली क्रिओल. इंग्रजांना भाषेत रस नव्हता, साखरेत होता.

पोर्ट लुईला उत्तरेकडून येणाऱ्या बस जिथे थांबतात त्या चौकाचं नावच इमिग्रेशन स्क्वेअर. तिथून जवळच बंदराला लागून आप्रवासी घाट आहे. १८४९ मध्ये बांधायला घेतलेल्या डेपोचे हे अवशेष, २००६ पासून युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत. ताजमहाल बघितलेल्या माणसाने अपेक्षा जरा खाली ठेवून जावं. काळ्या दगडाच्या काही भिंती, न्हाणीघरं, संडास, एक दवाखाना आणि समुद्राकडून वर येणाऱ्या सोळा पायऱ्या. बस, एवढंच. सगळं मिळून अर्धा एकरही नाही. डेपोच्या एका भागावरून तर पुढे हमरस्ता गेला. पण १८३४ पासून विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत जवळजवळ साडेचार लाख माणसं या बंदरात उतरली, बहुतेक सगळी हिंदुस्थानातली.

ती का आली, याचं उत्तर लंडनमध्ये आहे. ब्रिटिश पार्लमेंटने १८३३ मध्ये गुलामगिरी रद्द करायचा कायदा केला आणि मॉरिशसमध्ये तो १ फेब्रुवारी १८३५ ला लागू झाला. सगळ्या वसाहतींतल्या मालकांना मिळून भरपाई ठरली दोन कोटी पौंड. नीट वाचा, भरपाई मालकांना! गुलामांना एक पेनीही नाही. उलट त्यांनी 'उमेदवार' म्हणून त्याच मालकांकडे आणखी काही वर्षं राबायचं होतं. यातले वीस लाखांवर पौंड मॉरिशसच्या मळेवाल्यांकडे आले. हातात रोख पैसा आणि शेतावर माणूस नाही, अशी त्यांची अवस्था. मग माणसं आणायची कुठून? २ नोव्हेंबर १८३४ ला 'अॅटलास' नावाचं जहाज कलकत्त्याहून छत्तीस मजूर घेऊन आलं आणि मळेवाल्यांना रस्ता सापडला.

ही भरपाई देण्यासाठी सरकारने जे कर्ज काढलं, त्याचे उरलेसुरले रोखे ब्रिटनने कधी फेडले असतील? २०१५ मध्ये! २०१८ मध्ये इथल्या अर्थखात्याने ही गोष्ट मोठ्या अभिमानाने जाहीर केली, आणि लोकांनी बोंब मारल्यावर गुपचूप मागे घेतली. म्हणजे इतकी वर्षं माझ्या पगारातून जो कर कापला जात होता, त्यातले चार पैसे का होईना, गुलामांच्या मालकांच्या हिशेबात जात होते. हे कळल्यावर सौ. म्हणाली, "तुमची पगाराची स्लिप मला पुन्हा दाखवा पाहू." त्यात अर्थातच तसं काही लिहिलेलं नसतं.

मजुरांच्या कराराला आपल्या लोकांनी 'गिरमिट' म्हटलं, अॅग्रीमेंटचा अपभ्रंश. सुरुवातीच्या करारात साधारण पाच वर्षं काम, महिना पाच रुपये, वर तांदूळ, डाळ, मीठ वगैरे शिधा. कागदावर वाईट दिसत नाही. पण एक दिवस कामावर गेलं नाही तर दोन दिवसांची मजुरी कापायची पद्धत होती, त्यामुळे तापाने पडलेला माणूस महिनाअखेरीस कर्जातच निघायचा. परतीच्या फुकट प्रवासाचं कलम १८५० च्या दशकात काढून टाकलं. लॉर्ड जॉन रसेल या इंग्रज मंत्र्यानेच १८४० मध्ये, ही नवीन तऱ्हेची गुलामगिरी होईल अशी भीती बोलून दाखवली होती. तरी जहाजं चालूच राहिली.

मला स्वतःला करारापेक्षा १८६७ चा कायदा जास्त भयंकर वाटतो. करार संपवून मोकळ्या झालेल्या माणसालासुद्धा फोटो लावलेला पास सतत जवळ बाळगायची सक्ती झाली. पास नसला की भटक्या म्हणून तुरुंग. भाजी विकणारा, गाय पाळणारा माणूस बाजाराला निघाला की पोलिसाच्या तोंडी. हेतू उघड होता: माणूस वैतागून पुन्हा मळ्यावर सही करायला गेला पाहिजे. त्यात नेमकी तेव्हाच मलेरियाची साथ आलेली, हजारो माणसं दगावलेली. अखेर आडॉल्फ द प्लेव्हित्झ नावाच्या एका गोऱ्या मळेवाल्याने या जुन्या मजुरांसाठी १८७१ मध्ये अर्ज लिहिला, त्यावर ९,४०१ जणांनी सह्या-अंगठे केले. त्या अर्जापायी त्याला भर रस्त्यात मारहाण झाली. पण लंडनहून शाही चौकशी आयोग आला आणि त्याच्या अहवालाने मळेवाल्यांची लक्तरं चव्हाट्यावर मांडली. मजुरांचे कायदे त्यानंतरच जरा सैल झाले.

आता आपल्या माणसांकडे येतो. बहुसंख्य मजूर बिहारकडचे, नंतर तमिळ आणि तेलुगू. पण मुंबई बंदरातूनही जहाजं गेली आणि त्यांत कोकणातले, विशेषतः रत्नागिरीकडचे लोक पुष्कळ होते. कारकून कानाला ऐकू येईल तसं नाव रोमन अक्षरांत उतरवायचा. बापाचं नाव, गावाचं नाव, एक नंबर. आडनाव विचारायची गरज त्याला वाटली नाही. त्यामुळे ज्याचं नाव भिवाजी त्याच्या नातवंडांचं आडनाव भिवाजी, ज्याचं बापू त्यांचं बापू. आज मॉरिशसमध्ये मराठी माणूस ओळखायचा तो असा, कुणा पणजोबाच्या पहिल्या नावावरून.

कास्कावेलला जाताना बसमध्ये शेजारी बसलेल्या आजोबांना आम्ही मराठीत बोलतोय हे कळलं. त्यांनी क्रिओलमध्ये काहीतरी विचारलं, आम्ही इंग्रजीत उत्तर दिलं, आणि मग त्यांनी हळू आवाजात गणपतीची आरती म्हणायला सुरुवात केली. अख्खी, न चुकता! अर्थ विचारला तर हसले. बोलणं तिथेच संपलं, कारण त्यापलीकडे त्यांच्याकडे मराठी नव्हतं. काही लोक याला 'भाषा गेली' म्हणतील. मला ते पटत नाही. लिहिता-वाचता न येणाऱ्या माणसांनी उसाच्या फडात दीडशे वर्षं जपलेली आरती आहे ती. हेन्रिएटा गावात भिवाजी कुटुंबाने १८९६ मध्ये गणपती बसवला असं सांगतात, आणि आज गणेश चतुर्थीची तिथे देशभर सरकारी सुट्टी असते. लंडनमध्ये आम्ही गणपती शनिवार-रविवार बघून बसवतो!

तिथल्या मराठी लोकांचा 'झाकरी' नावाचा नाच आहे. नाव ऐकून ओळखीचं वाटलं ना? कोकणातली जाखडी, आपला बाल्या नाच. शाळांत मुलांना मराठी हा विषय घेता येतो आणि मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेत तो पुढेही शिकवतात.

खाण्याचं सांगायलाच हवं. रस्त्यावर मिळणारी 'ढोल पुरी' म्हणजे आत डाळ भरलेली मऊ पोळी. सौ.चं मत, "पुरणपोळी करताना गूळ घालायचा राहिला." सोबत 'आशार', म्हणजे लोणचं. आणि भाजीवाल्याकडे 'ब्रेद मुरूम' मागितलं तर हातात शेवग्याचा पाला पडतो.

हिंदुस्थानातून मॉरिशससाठीची मजूरभरती १९१० मध्ये थांबली. दोनच वर्षांनी ही सगळी पद्धतच बंद करा, असा ठराव गोपाळ कृष्ण गोखल्यांनी व्हाइसरॉयच्या कायदेमंडळात मांडला. सरकारी मतांच्या जोरावर तो पाडला गेला. पद्धत बंद झाली १९१७ मध्ये, गोखले गेल्यानंतर. ते जन्मले रत्नागिरी जिल्ह्यातल्या गुहागर तालुक्यात, कोतळूकला. ज्या जिल्ह्यातून माणसं बोटीवर चढली, त्याच जिल्ह्याचा माणूस त्यांच्यासाठी उभा राहिला होता, हे शाळेच्या पुस्तकात आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं.

डेपोतली मूळ रजिस्टरं आता मोक्याच्या त्याच संस्थेत जपून ठेवली आहेत, १८६० च्या दशकानंतरच्या मजुरांचे फोटोही आहेत. वंशज तिथे जाऊन पूर्वजाचा नंबर शोधतात आणि गाव, तालुका, जहाज यांचा उतारा घेतात. मार्च २०२५ मध्ये भारताने सातव्या पिढीपर्यंतच्या वंशजांना ओसीआय कार्ड द्यायचं जाहीर केल्यापासून या उताऱ्याला आणखी महत्त्व आलंय. अडचण येते ती गावाच्या नावाची. 'रटनाघेरी' लगेच कळतं, पण इंग्रज कारकुनाने लिहिलेली वाडी ओळखायला तिथलाच माणूस लागतो. गुहागर, दापोली, राजापूरकडच्या वाचकांपैकी कुणाच्या घरी बोटीवर जाऊन परत न आलेल्या पणजोबांच्या भावाची गोष्ट सांगत असतील, तर ती लिहून ठेवा, वाडीच्या नावासकट.