गावातूनच कायम नोकरी करायचीय? कंपनीकडे अशी मागा परवानगी

मार्च २०२० च्या लॉकडाऊनमध्ये पुण्या-मुंबईची अनेक पोरं गावी आली आणि लॅपटॉपवर कामाला लागली. आता बऱ्याच कंपन्या परत ऑफिसात बोलावतात. आई-वडिलांचं आजारपण किंवा शेतीमुळे गाव सोडता येत नसेल, तर कंपनीला पटवावं लागतं.

खासगी नोकरीत घरून काम हा सरसकट कायदेशीर हक्क नाही. मातृत्व लाभ कायद्यात २०१७ साली दुरुस्ती झाली. त्यात बाळंतपणाच्या रजेनंतर घरून कामाची मुभा दिली गेली, पण तीही दोघांच्या संमतीनेच.

• नियुक्तीपत्रात कामाचं ठिकाण काय लिहिलंय ते आधी वाचा.
• अर्जात अडचण थोडक्यात सांगा, घरून वेळेत पूर्ण केलेली कामं मात्र नीट मांडा.
• लाईट गेली तर इन्व्हर्टर, नेट गेलं तर दुसऱ्या कंपनीचं सिम, ही तयारी लिहून द्या.
• लगेच कायमचं नको, तीन महिने चाचणी मागा. मीटिंगला ऑफिसात यायची तयारी दाखवा.
• पगार, घरभाडे भत्ता बदलणार का, ते विचारा. स्वतःच्या घरात राहिलं तर या भत्त्यावर करसवलत मिळत नाही.
• होकार ईमेलवरच घ्या. साहेब बदलला की तोंडी शब्दाला किंमत राहत नाही.