मोडलेलं हाड काय सांगतं? ऑस्टिओपोरोसिसच्या निदानाची दोनशे वर्षं

साठीच्या पुढची एखादी बाई ओल्या फरशीवर घसरते, हात टेकते आणि मनगट मोडतं. प्लास्टर घातलं जातं, काही आठवड्यांनी निघतं, हाड जुळलेलं असतं. ‘वय झालं, असं व्हायचंच’ असं म्हणून घरात तो विषय संपतो.

खरं तर तो तिथे संपायला नको. उभ्या उभ्या साधं पडल्यावर मजबूत हाड सहसा मोडत नाही. मोडलं, तर ते आधीच ठिसूळ झालेलं असण्याची दाट शक्यता असते. हाडांच्या या ठिसूळपणालाच आपण ऑस्टिओपोरोसिस म्हणतो. मोडलेल्या हाडाचा हा इशारा डॉक्टरांना कधी उमगला, आणि त्यावर औषध कधी मिळालं, ते आज पाहूया.

ओळख झाली, पण उपाय नव्हता

लंडनचे प्रसिद्ध सर्जन सर अ‍ॅस्टली कूपर यांचा सांधे निखळणं आणि हाडं मोडणं या विषयावरचा ग्रंथ 1822 साली प्रसिद्ध झाला. उतारवयात हाडाचं बाहेरचं कवच पातळ होतं आणि आतला भाग विरळ होतो, हे त्यांनी पाहिलं होतं. म्हणूनच वयस्कर माणसांचा, विशेषतः स्त्रियांचा, खुबा फुटपाथच्या कडेवरून पाय घसरण्याइतक्या क्षुल्लक कारणानेही मोडतो, असं त्यांचं निरीक्षण होतं. ‘ऑस्टिओपोरोसिस’ हा शब्दही त्याच सुमारास स्ट्रासबर्गच्या जाँ लोबस्टाइन यांनी रूढ केला. ग्रीक भाषेतल्या ‘हाड’ आणि ‘छिद्र’ या अर्थांच्या शब्दांपासून तो बनला आहे.

निरीक्षण अचूक होतं, पण हातात उपाय काहीच नव्हता. त्यामुळे हा आजार ‘म्हातारपण’ या खात्यात जमा झाला.

पाळी थांबणं आणि हाडं

1941 साली बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमधले फुलर ऑलब्राइट यांनी एक महत्त्वाचं निरीक्षण मांडलं. मणक्याचा ऑस्टिओपोरोसिस असलेल्या, 65 वर्षांखालच्या त्यांच्या 42 रुग्णांपैकी 40 जणी पाळी थांबलेल्या स्त्रिया होत्या. म्हणजे कारण नुसतं वय नव्हतं. पाळी थांबल्यावर कमी होणाऱ्या इस्ट्रोजेन या हार्मोनशी हाडांचा संबंध होता. ऑलब्राइट यांनी इस्ट्रोजेनचे उपचारही सुरू केले. पुढे अनेक वर्षं तोच मुख्य उपाय राहिला. 2002 मध्ये अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासात दिसलं, की इस्ट्रोजेन-प्रोजेस्टिन एकत्र घेतल्यास हाडं मोडणं कमी होतं, पण स्तनाचा कर्करोग आणि पक्षाघात यांचा धोका वाढतो. तेव्हापासून केवळ हाडांसाठी हार्मोन देणं कमी झालं.

ठिसूळपणा मोजता आला

एक्स-रेमध्ये मोडलेलं हाड लगेच दिसतं, पण विरळ झालेलं हाड लवकर कळत नाही. साधारण 30 टक्के घनता गेल्यावरच ते एक्स-रेवर ओळखू येतं. 1963 मध्ये अमेरिकेत कॅमेरॉन आणि सोरेन्सन यांनी हाडाची घनता मोजण्याची पद्धत मांडली. त्यातूनच 1980 च्या दशकाच्या अखेरीस आजचा डेक्सा स्कॅन आला. तो काही मिनिटांत होतो, सुई नाही, वेदना नाही, आणि किरणांचं प्रमाण अगदी थोडं.

1994 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने निदानाची रेषा ठरवली. तुमच्या रिपोर्टवरचा ‘टी-स्कोअर’ म्हणजे निरोगी तरुण व्यक्तीच्या सरासरीशी केलेली तुलना. तो उणे 2.5 किंवा त्याहून खाली असेल तर ऑस्टिओपोरोसिस.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवा. साध्या पडण्याने खुबा किंवा मणका मोडला असेल, तर टी-स्कोअर या रेषेच्या वर असूनही ऑस्टिओपोरोसिसचं निदान करता येतं.

गिझरमधल्या थरापासून औषधापर्यंत

जड पाण्यामुळे गिझरच्या कॉइलवर पांढरा थर बसतो, तो तुम्ही पाहिला असेल. पाइपमध्ये असा थर बसू नये म्हणून कारखान्यांत फॉस्फेटचे काही क्षार वापरत. 1960 च्या दशकात स्वित्झर्लंडचे हर्बर्ट फ्लाइश यांना अशाच जातीचा एक पदार्थ मानवी लघवीत आढळला. तो शरीरात टिकत नव्हता, म्हणून त्यांनी सहकाऱ्यांसह त्याचे टिकाऊ भाऊबंद तपासले. ते हाडाला चिकटतात आणि हाडाची झीज मंद करतात, असं दिसलं. हीच ती बिसफॉस्फोनेट औषधं.

1996 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, आधीच मणका मोडलेल्या 2,027 स्त्रियांपैकी निम्म्यांना त्यातलं अ‍ॅलेंड्रोनेट दिलं गेलं. सुमारे तीन वर्षांत औषध न घेणाऱ्यांपैकी 15 टक्के स्त्रियांचा मणका पुन्हा मोडला. औषध घेणाऱ्यांमध्ये हे प्रमाण 8 टक्के होतं. 2007 मध्ये खुब्याच्या ऑपरेशननंतर 90 दिवसांच्या आत वर्षातून एकदा झोलेड्रोनिक अ‍ॅसिडचं सलाइन दिलेल्या रुग्णांचा अभ्यास आला. त्यांच्यात नवीन फ्रॅक्चर 35 टक्क्यांनी आणि मृत्यू 28 टक्क्यांनी कमी होते.

मग अडतं कुठे?

निदान आहे, औषध आहे, तरी हाड मोडलेल्या अनेकांपर्यंत ते पोचत नाही. कारण मोडलेलं हाड जोडणारा विभाग वेगळा आणि ठिसूळपणावर उपचार करणारा वेगळा. दोघांच्या मध्ये रुग्ण निसटतो. ग्लासगोमध्ये 1990 च्या दशकाच्या अखेरीस यावर साधा तोडगा निघाला. फ्रॅक्चर घेऊन आलेल्या प्रत्येक पन्नाशीपुढच्या रुग्णाला एक नर्स गाठायची आणि हाडांची तपासणी करवून घ्यायची. आज अनेक देशांत अशी सेवा आहे. जिथे ती नाही, तिथे हे काम तुम्हाला आणि घरच्यांना करावं लागेल.

पन्नाशीनंतर साध्या पडण्याने हाड मोडलं असेल, तर डॉक्टरांना एवढं नक्की विचारा:

* डेक्सा स्कॅन करायचा का?
* कॅल्शियम, ‘ड’ जीवनसत्त्व, किडनी आणि थायरॉइड यांच्या तपासण्या हव्यात का? हाड ठिसूळ होण्यामागे दुसरा आजारही असू शकतो.
* नुसत्या कॅल्शियमच्या गोळ्या पुरेशा आहेत, की हाडांचं औषध लागेल? फ्रॅक्चर झाल्यावर बहुतेक वेळा नुसतं कॅल्शियम पुरत नाही.
* औषध किती वर्षं घ्यायचं? डेनोसुमॅबसारखं सहामाही इंजेक्शन मनाने बंद करू नका. अचानक थांबवल्यास मणके मोडू शकतात.

या औषधांनी जबड्याच्या हाडाला इजा होते, असं ऐकून काहीजण घाबरतात. तसं होऊ शकतं, पण ऑस्टिओपोरोसिसच्या डोसमध्ये ते फार विरळा. औषध सुरू करण्याआधी दात तपासून घ्या, म्हणजे काळजी आणखी कमी होते.

खुबा मोडलेल्या रुग्णांपैकी जवळपास निम्म्यांचं आधी कधीतरी दुसरं हाड मोडलेलं असतं. म्हणून मनगटाचं प्लास्टर निघेल त्याच दिवशी ठिसूळपणाच्या तपासणीचा विषय काढा. खुबा वाचवायला तीच योग्य वेळ आहे.