पाखरांच्या करभाराची कुळकथा

मार्गशीर्ष-पौषाची थंडी पडली, की पाथर्डी तालुक्याच्या जिराईत शिवारात गर्भगिरीच्या डोंगरावरून उतरणाऱ्या बोचऱ्या वाऱ्याने शाळूची ताटे डोलू लागतात, कणसांत दूध भरते, हुरड्याच्या आगट्या पेटतात, आणि पूर्व युरोप व मध्य आशियातून आलेल्या भोरड्यांचे थवे नेमके याच कोवळ्या दाण्यावर उतरतात. दिवसभर माळ्यावर उभा राहून त्यांच्यावर गोफण फिरविणारा शेतकरी सायंकाळी घरी परततो, तेव्हा त्याच्याच ओसरीच्या तुळईला, खरिपात काढलेल्या बाजरीच्या कणसांची जुडी चिमण्यांसाठी टांगलेली असते. परक्या माणसाला यात विसंगती भासेल. परंतु देशावरच्या या रीतीमागे एक फार जुना हिशेब आहे, आणि तो ‘बळी’ या शब्दात साठविलेला आहे.

बळी म्हटले की आज आपल्यापुढे पशुहत्या उभी राहते. ऋग्वेदात मात्र ‘बलिहृत्’ म्हणजे राजाला करभार आणून देणारा. राज्याभिषेकानंतर २० वर्षांनी सम्राट अशोक लुंबिनीस गेला असता, बुद्धाचे जन्मस्थान म्हणून त्याने त्या गावाचा बळी माफ केला व उत्पन्नातील राजभाग आठव्या हिश्शावर आणला, असे तेथील स्तंभावर कोरलेले आहे. म्हणजे हा शब्द महसुलाच्या दफ्तरातही नांदत होता. राजाला द्यावयाच्या भागाचे हेच नाव प्राणिमात्रांना द्यावयाच्या भागालाही मिळाले. शतपथ ब्राह्मणाने पंचमहायज्ञांत भूतयज्ञ, म्हणजे प्राणिमात्रांना द्यावयाचा बळी, गणला, आणि मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायाने कुत्री, कावळे, कृमी आणि समाजाने दूर लोटलेली माणसे यांच्यासाठी अन्न भूमीवर हळुवार ठेवावे असे सांगितले. जेवणाआधी हा भाग काढण्याचा नित्याचा विधी, म्हणजे वैश्वदेव, पुढे बहुतेक घरांतून उठला. तथापि पितृपंधरवड्यातील काकबळी टिकला, आणि अजाण बाळाला चिऊकाऊच्या नावाने घास भरविणाऱ्या आईने तोच वाटा, शास्त्राची पोथी न उघडता, पुढच्या पिढीच्या ओठी लावला.

शेतातही असाच वाटा निघे. खळ्यावर रास पडली, की सरकारसारा, पाटील-कुलकर्ण्यांचे हक्क आणि बलुतेदारांचे बलुते यांची तजवीज होई. पाखरांच्या हक्काची सनद कोणत्याही दफ्तरात सापडणार नाही, परंतु त्यांची वहिवाट होती. सुगीनंतर रानात गळून राहिलेल्या कणसांना आपण ‘सरवा’ म्हणतो. तो गोरगरिबांनी वेचावा आणि उरलासुरला पाखरांनी टिपावा. असे दाणे वेचून जगण्याला संस्कृतात उञ्छवृत्ती म्हटले आहे, आणि महाभारतात त्या राहणीला ‘कापोती’, म्हणजे पारव्याची, असे विशेषण लावलेले आढळते. दाणा टिपणारे पाखरू हे अशा रीतीने तपस्व्याचे गुरू ठरले. याच धारेला पेठेतील जैन व्यापाऱ्यांची जीवदया येऊन मिळाली. पारव्यांना धान्य घालणे हे त्यांच्याकडे पुण्यकर्म मानले जाते, आणि स्थानकवासी संप्रदायाचे आचार्य आनंदऋषीजी हे १९०० साली याच तालुक्यातील चिचोंडी येथे जन्मले. कुणब्याचा हिस्सा आणि सावकाराची करुणा या दोहोंचे मुक्काम एकाच अंगणात पडले.

युरोपातील पक्षिसेवेची कुळी वेगळी आहे. १८९०-९१ च्या कडक हिवाळ्यात बर्फाखाली अन्न गडप झाले, तेव्हा इंग्लंडमधील वृत्तपत्रांनी पाखरांना खाऊ घालण्याचे आवाहन केले. पुढे १९१० साली ‘पंच’ साप्ताहिकाने तो राष्ट्रीय छंदच ठरविला. तेथे हिवाळा हा पाखरांचा दुष्काळ, म्हणून दाणा ही प्राणरक्षा. पाथर्डीचा हिवाळा मात्र सुबत्तेचा काळ. आमच्या पाखरांची खरी ओढगस्त वैशाखात, तीही दाण्याहून पाण्याची अधिक. म्हणून हिवाळ्यात टांगलेली जुडी ही उपाशी जिवावरची दया नसून, पीक हाती येताच बाजूला काढलेला भाग होय. दया देणाऱ्याच्या मर्जीवर अवलंबून असते. भाग पिकाबरोबरच जन्माला येतो. गोफण आणि जुडी एकाच हातात शोभतात त्या यामुळेच: ठरल्या भागाहून अधिक नेणाऱ्यास अडवावे, आणि ठरला भाग न मागता द्यावा.

आज या तालुक्यातील कितीतरी कुटुंबे दिवाळीच्या सुमारास कोयता घेऊन ऊसतोडीला जातात आणि हिवाळाभर त्यांच्या दाराला कुलूप असते. सिमेंटच्या घरांना तुळई नाही, आणि जुडी बांधण्यापुरतीही बाजरी सर्वांच्या घरी येत नाही. तरी ज्याच्या घरी दाणा विकत येतो, त्यानेही भाकरीच्या पिठाआधी मूठभर बाजरी वेगळी काढावी. मीठ-मसाल्याचे उष्टे न घालता, मांजर पोहोचणार नाही अशा जागी ती ठेवावी, जवळ पाण्याचे परळ मांडावे आणि ते रोज घासावे. पाथर्डीने सूट-तहकुबीची कितीतरी वर्षे पाहिली आहेत, आणि पीक बुडाले म्हणजे सारा माफ व्हावा ही मागणी न्याय्यच आहे. पाखरांचा सारा मात्र मुळातच इतका अल्प, की त्यावर सूट मागण्याची पाळी आपल्यावर क्वचितच यावी.