कोंडवाडा, कुंपण आणि ई-क्लास

कोंडवाडा म्हटलं की आपल्या पोरांना दया पवारांचा १९७४ चा कवितासंग्रह आठवतो. आठवावाच. पण ज्या वाड्यावरून तो शब्द आला, त्या चार भिंती, ते फाटक, आत वैरणीवाचून हंबरणारी ढोरं, त्याची हकीकत आपण फारशी सांगत नाही. आपली भाषणं जातीवर चालतात, जमिनीवर येऊन अडखळतात. म्हणून आज कुंपणावर लिहितो.

माझी आजी घाटाखालची, बुलढाणा जिल्ह्यातली. तिची एक बकरी एका मोठ्या शेतकऱ्याच्या वावरात शिरली आणि कोंडवाड्यात गेली. दंड भरायला आजीनं पायातलं विकलं. मरेपर्यंत एकच बोलायची, "बकरीले काय मालूम बाप्पा, धुरा कोनाचा हाय?" बकरीला माहीत नव्हतं हे खरं. पण हा धुरा कुणी, केव्हा घातला हे आम्हालाही माहीत नव्हतं.

जुन्या गावात कुंपण होतं ते गावाला. गावकोस आणि वेस. रात्री वेस लावायची, पहाटे उघडायची, चोरचिलटावर नजर ठेवायची, हे काम येसकर महाराचं. बघा गंमत, गावाचं दार लावायचं काम ज्याचं, त्याचं घर दाराच्या बाहेर. शिवेचा वाद निघाला की साक्षीलाही महारच. दुसऱ्याच्या जमिनीची हद्द आमच्या बापजाद्यांना पाठ आणि स्वतःच्या नावावर हद्द घालण्याइतकी जमीन नाही. वावरं मात्र पिकापुरती बंद असत. पीक निघालं की रान मोकळं, मग ढोर कुणाचंही असो.

हे फिरलं ते कापसानं. १८५३ साली निजामाकडून वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात आला. १८६१ ते ६५ अमेरिकेत यादवी पेटली, तिकडचा कापूस थांबला आणि मँचेस्टरच्या गिरण्यांची नजर वऱ्हाडावर आली. १८७० साली खामगावपर्यंत रेल्वेचा फाटा आला, उद्घाटनाला खुद्द व्हॉइसरॉय मेयो. एवढा थाट कुणासाठी? गाठोड्यांसाठी. कापसाला भाव म्हणून जिथं गवत होतं तिथं नांगर गेला. गवत आटलं, ढोरांची पोटं तेवढीच राहिली. मग ती वावरात शिरणार नाहीत तर काय करतील?

त्यावर सरकारचं उत्तर काय? १८५७ साली एक कायदा आणि तो बदलून १८७१ चा पहिला कायदा, गुरांच्या अतिक्रमणाचा. पिकाचं नुकसान करणारं जनावर शेतवाल्यानं धरायचं आणि २४ तासांत कोंडवाड्यात घालायचं. दंडाचा तक्ता होता. शेळी-मेंढीला १ आणा, वासराला, गाढवाला, डुकराला २ आणे, गाय-बैलाला ४, म्हशीला आणि उंटाला ८, हत्तीला २ रुपये. वऱ्हाडात कुणाचा हत्ती कपाशीत शिरणार होता कोण जाणे. वर वैरणपाण्याचा खर्च वेगळा. ७ दिवसांत मालक आला नाही तर पोलिसात वर्दी, नोटीस, आणखी ७ दिवस, मग लिलाव. ज्याची मजुरीच आण्यांत मोजली जायची त्याला ४ आणे म्हणजे किती, हिशेब करा.

या कायद्यातली दोन कलमं शेजारी ठेवून वाचा. आपलं धरलेलं ढोर जबरदस्तीनं सोडवलं तर ६ महिने कैद किंवा ५०० रुपये दंड किंवा दोन्ही. आणि शेतवाल्यानं खोटंच धरलं तर? १० दिवसांत मॅजिस्ट्रेटकडं तक्रार करायची, सिद्ध झाली तर भरपाई जास्तीत जास्त १०० रुपये. कैद नाही. आणखी एक कलम आहे. कोंडवाड्याच्या रखवालदारानं आणि अंमलदारांनी लिलावात जनावर विकत घेऊ नये. घेऊ नये असं लिहावं लागलं यातच सगळं आलं.

सगळ्यात मोठी गोष्ट कायद्यात जे नाही त्यात आहे. वावराला कुंपण होतं का, हा प्रश्न हा कायदा विचारतच नाही. अमेरिकेच्या पश्चिमेकडच्या गवताळ मुलखात त्या काळी उलटी रीत होती. शेत वाचवायचं तर शेतकऱ्यानं कुंपण घालावं, नाही घातलं तर तक्रार करू नये. म्हणून तिकडं कुंपणाचा शोध लागला, १८७४ साली ग्लिडननं काटेरी तारेचं पेटंट घेतलं. इथं शेतवाल्याला तार लागली नाही. त्याचं कुंपण कायद्याच्या कागदावर होतं.

आणि जिथं खरं कुंपण होतं तिथं ते घालत कोण होतं? सालदार. बोरीबाभळीची काटेरी झुडपं तोडायची, दुबेळक्यानं रेटत धुऱ्यावर आणायची, बूड आत टोक बाहेर अशी एकात एक गुंतवायची, वर दगड ठेवायचे. वावराच्या तोंडाला मोठी फांदी आडवी, तेच फाटक. एका पावसाळ्यात उधई खाऊन टाकते. पुन्हा पुढच्या सालाला तेच. मेलेलं कुंपण उपसायचं, भगदाडं बुजवायची. तळहातातला काटा तिथंच पिकायचा आणि बाई सुईनं काढायची. एवढं करून रात्री ढोर शिरलंच तर बोलणी सालदारालाच, फट राहिली कशी? आणि त्याच सालदाराची बकरी त्याच फटीतून आत गेली तर कोंडवाडा. दोन्हीकडून तोच.

आता गायरान. वऱ्हाडात त्याला ई-क्लास म्हणतात. सगळ्या गावाच्या गुरांना फुकट चराई म्हणून राखलेली जमीन, १९६६ च्या महसूल संहितेच्या २२ व्या कलमातही ती आहे. ज्यांच्याकडं धुरा नाही त्यांची बकरी, म्हैस जगते ती याच्यावर. पण ई-क्लासला कुंपण नाही. शेजारचा वावरवाला दर पेरणीला धुरा हातभर पुढं सरकवतो. जमिनीला पाय फुटतात. ही जमीन चोरून नेणाऱ्यासाठी कोंडवाडा कुणी बांधला नाही.

आपली माणसं त्या जमिनीवर गेली ती उघड गेली, झेंडा घेऊन. १९५६ च्या मार्चमध्ये आग्र्याला बाबासाहेबांनी खेड्यातल्या भूमिहीनांचं दुःख बोलून दाखवलं होतं. १९५९ ला आणि पुन्हा ६ डिसेंबर १९६४ पासून दादासाहेब गायकवाडांनी भूमिहीनांचा सत्याग्रह केला. देशभर ३ लाखांवर माणसं तुरुंगात गेली, बाया लेकरं कडेवर घेऊन गेल्या. मागणी साधी होती. पडीक सरकारी जमीन कसणाऱ्याला द्या. तेव्हा गावातले मोठे लोक म्हणाले, मग गाईंनी चरायचं कुठं? गाईंची ही आठवण त्यांना धुरा सरकवताना कधी आली नव्हती. तरी एक खरं मान्य करू. ई-क्लास नांगरला की आपल्याच आळीतल्या विधवेच्या दोन शेळ्यांची चराई जाते. हे भांडण आपण आपसात बसून सोडवायचं आहे. पाटलाला पंच नेमून नाही.

त्या लढ्यांमागून शासनाचे निर्णय आले. १९७८ चा एक आणि २८ नोव्हेंबर १९९१ चा, ज्यात दलित-आदिवासी भूमिहीनांची १४ एप्रिल १९९० पर्यंतची शेतीची अतिक्रमणं नियमित करायची होती. पुरावा काय? गाव नमुना १-ई, म्हणजे अतिक्रमणाची नोंदवही. पंचनामे. दंडाच्या पावत्या. म्हंजे बघा, ज्या पावतीनं बापाला गुन्हेगार ठरवलं तीच पोराचा दाखला. आणि पाटलाच्या भीतीनं तलाठ्यानं जिथं नोंदच घेतली नाही तिथं वीस वर्षं कसूनही कागदावर माणूस नाही.

२०११ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाचा जगपाल सिंगचा निकाल आला, गावाच्या सामाईक जमिनीवरची अतिक्रमणं काढा. २०२२ ला मुंबई उच्च न्यायालयानंही गायरानं मोकळी करायला सांगितलं. नोटिसा निघाल्या की आधी आपल्या झोपड्यांना लागतात. २०११ च्या निकालातच अपवाद लिहिलाय. सरकारी अधिसूचनेनं भूमिहीन मजुरांना किंवा अनुसूचित जाती-जमातींना पट्टा दिला असेल तर. हे वाक्य पोरांनी पाठ करावं. नोटीस घेऊन येणारा ते वाचून दाखवत नाही.

मागल्या खेपेला गावी गेलो तेव्हा वस्तीतल्या एका म्हाताऱ्याकडं बसलो. त्यानं ई-क्लासवर तीन एकर काढलेली, दगड वेचून. दंडाच्या पावत्या आढ्यात खोचून ठेवलेल्या, सहा होत्या म्हणाला. चार उंदरांनी नेल्या. दोन उरल्या होत्या, एकीवरचं साल पुसट, दुसरीवर अंगठा आणि १९८६. त्या दोन्ही आम्ही खामगावला जाऊन झेरॉक्स करून आणल्या, तीन तीन प्रती. एक त्याच्याकडं, एक माझ्याकडं, एक अर्जाला जोडली.